विद्यार्थी निरुत्तर

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास मी तिथंच डी.एड. करत होतो. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे’, ‘मूल केंद्रस्थानी असावे’ ही अध्यापनाची सूत्रं आम्हाला तोंडपाठ होती. पेपरात लिहायची आणि वर्गात शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात!

प्रत्येक पाठाचं टाचण आधी वहीत काढावं लागे. एका रकान्यात शिक्षक काय विचारणार, दुसऱ्यात मुलं काय उत्तर देणार. मुलांची तोंडंही न बघता त्यांची उत्तरं आम्ही लिहून मोकळे व्हायचो. प्रस्तावनेचा शेवटचा प्रश्न मात्र असा हवा, की मुलांना तो येताच कामा नये. तिथं लिहायचं, ‘विद्यार्थी निरुत्तर’. मग शिक्षकाने ऐटीत जाहीर करायचं, चला, आज आपण हेच शिकू.

माझा वार्षिक पाठ डोंगरकडा गावाकडच्या एका शाळेत होता. वर्ग पाचवीचा, विषय बाष्पीभवन. त्याच्या गुणांवर माझी नोकरी लटकलेली. म्हणून सगळे करत तेच मीही केलं. आदल्या दिवशी त्याच वर्गावर तोच पाठ घेऊन टाकला आणि पोरांना बजावलं, "ओल्या कपड्यातलं पाणी कुठं जातं, असं उद्या इचारलं की कुणी बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी परीक्षक माझी वही उघडून मागच्या बाकावर बसले. मी तो प्रश्न टाकला. वर्ग चिडीचूप. तेवढ्यात तांड्यावरची एक मुलगी उठली. आदल्या दिवशी ती आईसोबत हळद शिजवायला गेली होती, त्यामुळे तिला गप्प बसायचं माहीतच नव्हतं.

"वाफ होऊन हवेत जातं सर. हळद शिजवताना दिसतं. वाळवताना दिसत न्हाई, पण जातंच."

इतकं नेमकं तर माझ्या टाचणातही नव्हतं. परीक्षकांनी वहीतून मान वर केली.

"चूक," मी म्हणालो. "बस खाली."

आणि पुढचा अर्धा तास मी तेच शिकवलं. शेवटी उजळणीत पुढच्या बाकावरच्या मुलाने तिचंच उत्तर दिलं, तेव्हा त्याला शाबासकी दिली. परीक्षक खूश झाले. त्या गुणांवर मी मास्तर झालो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

घंटा झाल्यावर ती माझ्यापाशी आली.

"सर, मी बी तेच म्हणले होते. माझं काहून चुकलं?"

चूक माझी आहे, हे सांगायची छाती नव्हती. म्हणालो, "काल तू आली न्हाईस. काल सांगितलं होतं, या प्रश्नाला गप बसायचं."

टोमणा मारण्याइतकी ती मोठी नव्हती. चूक सुधारायची म्हणून अगदी मनापासून म्हणाली, "मंग आता रोज येईन सर. रोज गप बसंन."