दहाव्याच्या दिवशी पंप कोणी उघडला?

या सदरात लोक जे लिहितात ते वाचून मी आजवर मासिक बाजूला ठेवत आलो. झाडावरची बाई, विहिरीतला आवाज… माझा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही ठेवायची इच्छा नाही. अमरावतीला कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या कचेरीत मी हिशेब पाहतो. बेरीज जुळली नाही तर चूक माणसाची, हे मला शिकवलेलं आहे. पण ही एक बेरीज इतकी वर्षं जुळत नाही, आणि चूक कोणाची ते सापडत नाही, म्हणून लिहितो आहे. रागानं लिहितो आहे, हेही आधीच सांगतो.

गोष्ट साठ-बासष्टच्या सुमाराची. गॅलन जाऊन नुकतेच लिटर आले होते. मूर्तिजापूर सोडून अकोल्याकडे निघालं की डाव्या हाताला माझे मेहुणे नामदेवराव यांचा पेट्रोलपंप होता. पंप म्हणजे तेव्हाचा — हातानं दांडा फिरवायचा, वर काचेची दोन भांडी. एक भरलं की दुसरं रिकामं होणार. प्रत्येक भांडं पाच लिटरचं. मागेच दोन खोल्यांचं घर. तिथे माझी धाकटी बहीण सिंधू, तिच्या दोन मुली आणि म्हातारी सासू. घराचं दार पंपासमोरच उघडायचं.

हा पंप कंपनीचा. नामदेवराव फक्त चालवणारे. त्यासाठी अनामत भरायची होती, तेव्हा त्यांनी हिवरखेडकडच्या शेतातला आपला वाटा थोरल्या भावाला लिहून दिला होता. म्हणजे शेत गेलं, पंप आला. आता पंप गेला तर सिंधूकडे काही म्हणजे काहीच नव्हतं. भासऱ्याच्या घरी जाऊन दोन मुलींसकट जन्मभर भाकरी थापायच्या, एवढंच.

फाल्गुनात एके सकाळी नामदेवराव पंपावरच छातीला हात लावून खाली बसले आणि गेले. पंचेचाळिशीही झाली नव्हती.

मी पोचलो तेव्हा तिचे भासरे, म्हणजे नामदेवरावांचे थोरले भाऊ बापूसाहेब, ओट्यावर बसून हुकूम सोडत होते.

"तेरवीवरी पंपाले कोणाचा हात लागणार नाई. सुतक हाये घरात."

मी म्हणालो, "बापूसाहेब, कंपनीचा करार पाहा. चालवणारा वारला की एजन्सी संपते. वारसाला मिळते, पण कंपनीच्या मर्जीनं. आणि न कळवता पंप बंद ठेवला तर वारसाचा अर्जसुद्धा घेत नाहीत."

"मंग कळवू ना! मी उद्याच तार करतो नागपूरले. तुमी कचेरीतले लोक बाप्पा, माणूस अजून जळाचा हाये अन् तुमी करार वाचून राह्यले."

सगळ्यांदेखत असं बोलल्यावर मी काय बोलणार? त्यांच्याच सांगण्यावरून मी बाजारातून नवं कुलूप आणलं, कारण जुन्याची चावी सापडत नव्हती. आधी टाकीत मोजपट्टी सोडून साठा मोजला. याला पंपवाले डिप घेणं म्हणतात. आकडा खडूनं आतल्या भिंतीवर लिहिला आणि दांड्याला कुलूप घातलं. त्याच्या दोन्ही चाव्या माझ्या करगोट्याला बांधल्या. मधे अमरावतीला जाऊन आलो तेव्हाही त्या माझ्या अंगावर होत्या.

दहाव्याला आम्ही सगळे पुरुष पूर्णेवर गेलो. घरी फक्त सिंधू, मुली आणि सासू. पिंड ठेवले. कावळे होते — समोरच्या बाभळीवर चांगले ओळीनं बसले होते. पण एकही खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं. वाळू इतकी तापली की लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मग नेहमीचं सुरू झालं. ज्याला जे सुचेल ते तो कबूल करू लागला.

"पोरीइचे लग्न आमी करू रे नामदेवा!"

"तुया मायले आमी पाहू!"

शेवटी बापूसाहेब पुढे झाले. ओंजळीत पाणी घेतलं आणि खड्या आवाजात म्हणाले, "पंप सिंधूच्याच नावावर राहीन. मी शब्द देतो. आता तं घास घे, बाबू!"

लोकांनी माना हलवल्या. कोणी डोळे पुसले. मलाही त्या क्षणी त्या माणसाबद्दल बरं वाटलं. कावळे मात्र जागचे हलले नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही भाजलेल्या पायांनी परत आलो. मी मनात म्हटलं, पक्ष्यांना भूक नसेल, दुसरं काय. पंपावर कुलूप होतं तसंच होतं.

तेरवी झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी कंपनीची जीप दारात उभी राहिली. नागपूरचे नवे साहेब, मद्रासकडचे. गोरेपान, हातात चामड्याची बॅग. हिंदी बोलत, पण तोलून-मापून. ओट्यावर खुर्ची दिली. सिंधू दाराआड उभी, मी बाहेर.

साहेब म्हणाले, "ट्रान्सफर की अर्जी मिली है। नामदेवरावजी के बड़े भाई के नाम पर।"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोणाच्या नावावर?"

"बापूसाहेब। अर्जी में लिखा है कि विधवा पंप चला नहीं सकती। मौत के दिन से पंप बंद पड़ा है, कंपनी को कोई खबर नहीं दी।"

तार गेलीच नव्हती! त्याऐवजी अर्ज गेला होता. ज्या माणसानं सुतकाच्या नावानं माझ्या हातून पंपाला कुलूप घालून घेतलं, त्यानंच त्या कुलपाकडे बोट दाखवून पंप मागितला होता. आणि त्याच हातानं नदीवर पाणी सोडून शब्द दिला होता. मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही. त्या सकाळी माझा हात खरोखरच शिवशिवला.

"बापूसाहेब, नदीवर काय बोलला होतात?"

"ते दहाव्याचं बोलनं होतं," बापूसाहेब डोळ्याला डोळा न देता म्हणाले. "तिथं साराच माणूस बोलते. अन् खोटं काय लिवलं मी? पंप बंद नव्हता काय? तुमीच तं कुलूप ठोकलं!"

दाराआडून सिंधूचा आवाज आला. भासऱ्याशी ती कधी थेट बोलत नसे. "दादा, त्याइले विचार, कुलूप लावाले कोनं सांगतलं."

साहेबांनी हात वर केला. "एक मिनट। पंप बंद था, यह बात गलत है।"



साहेब सांगू लागले. नागपूरला रुजू होऊन ते पहिल्याच दौऱ्यावर निघाले होते. अमरावतीहून अकोल्याला जाताना याच पंपावर थांबले. आपण कोण ते मुद्दाम सांगितलं नाही. नवा साहेब असाच पाहणी करतो. वार त्यांनी सांगितला तो आमच्या दहाव्याचा. वेळ भर दुपारची.

"आदमी अकेला था। चार बार काँच भरा, बीस लिटर। मुझे जीप से नीचे उतारा। बोला, साहेब, पहले काँच देखो, बुलबुला बैठने दो, फिर छोड़ता हूँ। इस पूरे रास्ते पर कोई डीलर ऐसा नहीं करता। मैंने तो रिपोर्ट में तारीफ लिखी है।"

काचेतला बुडबुडा बसल्याशिवाय पेट्रोल सोडायचं नाही, गिऱ्हाइकाला खाली उतरवून दाखवायचं — ही नामदेवरावांची खोड साऱ्या रस्त्याला माहीत होती. ट्रकवाले त्यावरून त्यांची थट्टा करत. शेंदूरजनाघाटची संत्री भरून आलेले ड्रायव्हर ओरडत, "नामदेवराव, माल सडून राह्यला ना, सोडा लवकर!" तरी ते बुडबुडा बसेपर्यंत हलत नसत.

"कसा होता माणूस?" मी विचारलं.

"दुबला। दांडा बाएँ हाथ से घुमाता था। दाहिना कंधा ऊपर नहीं जाता था। पैसे लेकर टोपी के नीचे रखे।"

खांद्याचं बापूसाहेबांनाही माहीत होतं. लहानपणी बैलगाडीवरून पडले तेव्हापासून नामदेवरावांचा उजवा हात वर जात नसे. बापूसाहेबांचा चेहरा पडला. पण क्षणभरच.

"म्हंजे सुतकात पंप सुरू होता!" ते उभेच राहिले. "घरात आमी कोणी नाई पाहून हिनं कोनाले तरी आणून बसवलं. कोण माणूस होता तो? काहून बोलत नाई आता?"

तेव्हा सिंधू बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण मान ताठ होती. ती थेट त्यांच्याशीच बोलली.

"तुमचा भाऊ मेला तं तुमाले पंप दिसला. अन् आता माह्यावर माणूस बी घालून राह्यले? थोडी तरी लाज ठेवा."

बापूसाहेब मटकन खाली बसले.

मी साहेबांना पंपाजवळ नेलं. करगोट्याच्या दोन्ही चाव्या दाखवल्या. कुलपावर चांगला धुळीचा थर होता, कुठे बोट लागल्याची खूण नव्हती. साहेब वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "डिप लो।" मी मोजपट्टी सोडली. त्यांनी स्वतः वाचली, मग भिंतीवरचा खडूचा आकडा वाचला. उन्हानं थोडं पेट्रोल उडून जातं, त्याचा हिशेब त्यांनी तोंडी केला. मी वेगळा केला. आमचे दोघांचे आकडे एकच आले. टाकीत वीस लिटर कमी होतं.

मी कोणाचं नाव घेतलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त एकदा घराकडे पाहिलं, रुमालानं कपाळ पुसलं आणि बॅग उघडून उभ्या-उभ्या लिहिलं. मला वाचून दाखवलं — पाहणीच्या दिवशी पंप चालू होता, माप बरोबर होतं, वारस पत्नीच्या नावे एजन्सी द्यावी. पंपावरच्या माणसाचं नाव लिहायचं तिथे त्यांनी एक रेघ ओढली.

जाताना ते जीपमध्ये बसणार, एवढ्यात सिंधूनं त्यांना हाक मारली. तिला हिंदी धड येत नव्हती.

"साहेब… त्यानं घराकडे पाह्यलं का?"

साहेबांना कळलं नाही. मी हिंदीत विचारलं. त्यांनी आठवून पाहिलं. खोटं बोलता आलं असतं त्यांना, पण साहेब तसे नव्हते.

"नहीं," ते म्हणाले. "काँच पोंछा, और वहीं बैठ गया।"

जीप गेली. माझ्या मनात आनंद मावत नव्हता. मी म्हणालो, "सिंधू, पंप राहिला गं!" ती पंपाकडेच पाहत होती. मग एकदम बोलली, आणि असा राग मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

"मी इथंच होती, दादा. या दारात. लहानीले मांडीवर घेऊन साऱ्या दुपारची बसून होती. मले जीप नाई दिसली, मानूस नाई दिसला. दांड्याचा आवाज बी नाई आला. हाकेच्या अंतरावर येऊन गेले अन् गिऱ्हाइकाले काच दाखवून राह्यले! मले काहून नाई दिसले?"

 

सगळ्या शक्यता मी तपासल्या आहेत. तिसरी चावी? ज्या दुकानातून कुलूप घेतलं तिथे जाऊन विचारलं, दोनच होत्या. साहेब दुसऱ्या पंपावर थांबले असतील? मग आमच्या टाकीतलं पेट्रोल कुठे गेलं? टाकी गळत असेल? त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत ती थेंबभर गळलेली नाही. साहेबांनी दिलेले पैसे मात्र कधीच सापडले नाहीत. आणि ज्या वेळी आम्ही नदीवर भाजत उभे होतो आणि कावळा पिंडाला शिवत नव्हता, ती वेळ आणि साहेबांची वेळ एकच होती. ही गोष्ट मी लिहितो आहे, पण तिचा अर्थ लावायला मला सांगू नका.

एजन्सी सिंधूच्या नावावर झाली. ती आजही पंप चालवते, आणि चोख चालवते. बापूसाहेब अजून आहेत. लग्नाकार्यात भेटतात, भावाच्या पुण्याईनं भावजयीचा संसार उभा राहिला असं चारचौघांत सांगतात, आणि लोक माना हलवतात. मला त्या वेळी उठून जावंसं वाटतं. जिवंत भावानं जे करायला हवं होतं ते मेलेल्याला येऊन करावं लागलं, यात कसली आली पुण्याई?

गेल्या दिवाळीत सिंधू आमच्याकडे आली होती, आणखीही पाहुणे होते. मीच हा विषय काढला. ऐकून एक बाई हात जोडून म्हणाल्या, "भाग्यवान हो तुम्ही, सिंधूताई. गेल्यावरही नवरा पाठीशी उभा राहिला."

सिंधू ताट वाढत होती. तिनं वाढणं थांबवलं नाही, वरही पाहिलं नाही.

"पंपाच्या पाठीशी उभे राह्यले, बाई," ती म्हणाली. "माह्याकडे त्याइनं पाह्यलं बी नाई."