कोऱ्या बाजूचं कुंकू

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या, ऐकून घशाला कोरड पडेल.

आमच्या ह्यांना जुन्या नोटांचा नाद. सरकारी नव्हे हो! इंग्रजांच्या काळी खाजगी बँका आपापल्या नोटा छापायच्या, त्या. अशाच एका नोटेपायी माझ्या पाटल्या गेल्या. आमच्या झरी गावातल्या बायकांच्या हातात सोनं, माझ्या हातात कागद! टोमणे मारून मारून जीभ झिजली माझी.

मग दिवाळीच्या तोंडावर नांदेडचे एक संग्राहक ती नोट घ्यायला तयार झाले. पाडव्याला येतो म्हणाले.

"पाडव्याच्या ओवाळणीत तुझ्या पाटल्या. झालं समाधान?" हे म्हणाले.

समाधान? मी तर विरघळलेच! ज्या कागदाला शिव्या घातल्या, ती लक्ष्मी निघाली की! लक्ष्मीपूजनाला हे भावाच्या दुकानात पूजेला गेलेले. मी नोट पाटावर मांडली. पूजेतल्या पैशाला आपण हळदकुंकू लावतोच ना? पण मी काय अडाणी आहे? मॅट्रिक आहे! छपाई खराब नको म्हणून नोट उलटी केली. त्या नोटा एकाच बाजूने छापायचे, मागची बाजू कोरीच. तिथे मधोमध ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला, वाळवला आणि नोट तिच्या प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात जशीच्या तशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी पाकीट उजेडात धरलं आणि ओरडलेच.

"काका, ही लाल मोहर? फोटोत का दाखवली न्हाई? अशी मोहर मी कुठंच बघितली न्हाई!"

ह्यांचं तोंड उघडंच. "मोहर... लाल..."

"लय दुर्मिळ दिसायलीय! ठरल्यापेक्षा वाढवून देतो, पण दुसऱ्याला दाखवू नका."

हे मला डोळ्यांनी खुणावत होते, आत जा, चहा टाक. पण माझी भक्ती कुठल्याशा बँकेच्या नावावर जाऊ देऊ होय?

"मोहर कशाची, भाऊ! काल मीच टिळा लावलाय मागून. पाझरला वाटतं. अस्सल कुंकू हाय, वास घेऊन बघा!"

पाहुण्यांनी खरंच वास घेतला. पाकीट हळूच खाली ठेवलं.

"काकू, एवढ्या वर्षांत हिला वाळवी लागली न्हाई. तुमी लागलात!"

चहा न घेताच गेले.

"गप बसता येत न्हाई का तुला?" हे म्हणाले. माझ्याशी तेच शेवटचं बोलणं.

पाटल्या? हे बघा हात, काचेच्याच बांगड्या आहेत. नोट देवघरात आहे. तिला एकच बाजू होती ना? त्या पाडव्यापासून आमच्या ह्यांनाही एकच आहे.

पाठ.