कुत्र्यांना अहो म्हणणारे साडू

अख्ख्या वऱ्हाडात त्या काळी कापसाचं वेड न लागलेला एकच माणूस होता, आणि लोक वेडा म्हणत ते नेमकं त्यालाच. ते माझे थोरले साडू. अमरावतीच्या परकोटाबाहेर त्यांची फुलबाग होती. अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला कापूस मिळेना, आणि आमच्याकडे लोकांनी वांगी उपटून कपाशी लावली. एका गृहस्थांनी तर तुळशीच्या ओट्याभोवती सरकी टोचली. साडूंनी मात्र बागेपुढचा निंबाखालचा तुकडा मोकळाच ठेवला. कोणीही यावं, बसावं. मी पडलो अडतीवरचा मुनीम. म्हणालो, "साडूभाऊ, इथं कपाशी काहून लावत नाही?" तर म्हणाले, "गावाले बसाले जागा पायजे. उभ्या उभ्या मानूस नासते."

त्या जागेवर माणसांच्या आधी बाजारातली कुत्री येऊन बसली. साडू कुत्र्यांना अहोजाहो करत आणि माणसांना अरेतुरे. "तुमी जरा सरका, याले बसू द्या," असं एका खरजुल्या कुत्र्याला सांगून त्यांनी तहसीलदारांना बसवलेलं मी पाहिलं आहे. तहसीलदार बसले, हे विशेष. साडू अकोल्याला पाहुणे म्हणून गेले, तेव्हा यजमानांच्या आधी दारातल्या कुत्र्याची ख्यालीखुशाली विचारली. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "मानूस रागावला त त्याले समजावता येते. यायले कसं समजावू?"

मग एके दिवशी सरकारनं दवंडी पिटवली, की ज्याच्या गळ्यात पट्टा नाही आणि ज्याला धनी नाही, ते कुत्रं दिसेल तिथं मारलं जाईल. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोच्या नव्या लुगड्याचे काठ फाडून पट्टे केले.  माझ्या मेहुणीनं ते बिनकाठाचं लुगडं नेसून सबंध बाजारातून एक फेरी मारली.

पट्टे झाले, धनी राहिले. संध्याकाळी शिपाई काठी घेऊन आलाच. साडू निंबाखाली बसलेल्या एकेकापुढे कुत्रं नेऊन म्हणू लागले, "तू धनी हो यायचा. नाई त यायले मारतीन."

सख्ख्या भावाला ओळख न देणारे एक अडते शिपायाला म्हणाले, "माहा हाये." मग हमाल म्हणाला, तेली म्हणाला. माझ्या वाट्याला एका कानाचं आलं, मीही म्हणालो. शिपायाला खरं काय ते कळत होतं. तो एवढंच म्हणाला, "मंग घरी नेऊन बांधा. रस्त्यावर दिसलं त मारीन." आणि साडूंकडे वळून म्हणाला, "अन् तुहा कोनता?"

साडूंनी सगळीकडे पाहिलं. "माहा आता कोनताच नाई," ते म्हणाले.

जो तो आपापलं कुत्रं ओढत घरी गेला. माझं बांधून मी परत आलो, कारण मला राहवेना. साडू कुत्र्यांसाठीच्या रोजच्या भाकऱ्यांची दुरडी पुढ्यात घेऊन एकटेच बसले होते. "बरं झालं," ते म्हणाले, "घरं भेटले तेयले." मला फार वाईट वाटलं. आता साडू नाहीत, आणि त्या जागेवर रुई दाबायचा कारखाना उभा आहे. त्या संध्याकाळी त्यांनी एक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. आम्ही कोरडीच खाल्ली, अगदी सावकाश, आणि तरी दुरडी भरलेलीच राहिली.