वेणी घालताना शिकवलेलं वाक्य

ते वर्ष आठवायला गेलं की आधी ऊन आठवतं. हिवाळ्यातलं, कोवळं, जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत सतरंजीवरून हळूहळू सरकणारं. मी माहेरी परत आले होते. आठ वर्षांची लेक माझ्यासोबत होती, अधूनमधून वडिलांकडे जाऊन यायची, आणि ती माझ्याकडे राहणार की तिच्या वडिलांकडे, हसनाबादला, हे कोर्ट ठरवणार होतं. भांडी, दागिने, घर, हे सगळं बोलणं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं मला वाटायचं. लेक तेवढी खरी होती.

माझे वकील भले गृहस्थ, पण माझं रडणं सुरू झालं की ते पंख्याकडे बघत बसायचे. तिसऱ्या भेटीत त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. म्हणाले, "ताई, कायदा माझ्याकडं. बाकीचं समदं त्या मावशींकडं."

मावशी म्हणजे निवृत्त नर्स. वडीगोद्रीकडच्या मेंढपाळ घरातली, पिशवीत कायम भाजलेल्या शेंगा. वकिलांच्या मुलीनं पुण्याहून येऊन सांगितलं होतं की अशा कामाला तिकडे डिव्होर्स कोच म्हणतात. "कोच म्हंजे शिट्टी वाजिवणारा का?" मावशीनं विचारलं होतं. "मंग बराबर हाय."

तिचं काम असं होतं. मी घडाघडा बोलायचे, ती ते माझ्याकडूनच वहीत लिहून घ्यायची आणि मग एकेक पान फाडायची. "हे वकिलाला दे, कामाचं हाय. पोरीला झोप लागत न्हाई, हे कोर्टातल्या समुपदेशक बाईला सांग. अन् सासूचे टोमणे माझ्याकडं ठिव, ते कोणाच्याच कामाचे न्हाईत." वकील सही कुठं करायची ते सांगायचे. समुपदेशक बाई म्हणायच्या, अजून एकदा विचार करा. मावशी विचारायची, "जेवलीस का?" त्या दिवसांत मला एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर देता यायचं.

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नव्हती. न्यायाधीश मुलीशी एकटीशी बोलणार हे कळल्यापासून मी रोज सकाळी वेणी घालताना तिच्याकडून एक वाक्य घोकून घेत होते. "मला पप्पांकडे करमत नाही, मला मम्मीकडेच राहायचंय." अडखळली की मी वेणी जराशी ओढायचे. हे लिहिताना माझा मलाच राग येतो. पण ओढायचे, हे खरं आहे.

तारखेच्या आधीच्या रविवारी मावशी आम्हा दोघींना तिच्या भावाकडे घेऊन गेली. हमरस्त्यावर उतरून शेतातून बरंच चाललो. पुढं तळ्यावर दोन कळप एकाच वेळी पाण्याला आले होते आणि एकमेकांत पार मिसळून गेले होते. धुळीत ऊन उतरलेलं, कुठूनतरी घंट्यांचा आवाज. मला वाटलं, आपण जागे आहोत की नाही कोण जाणे.

"आता कुणाची कुठली, कसं कळणार?" लेकीनं विचारलं.

मावशीचा भाऊ हसला. तो एका टोकाला जाऊन उभा राहिला, दुसरा मेंढपाळ दुसऱ्या टोकाला. दोघांनी आपापली हाळी दिली आणि ती सगळी मेंढरं, कुणी न हाकता, सावकाश दोन बाजूंना वेगळी होत गेली. एक कोकरू मात्र मधेच थांबलं.

"ओढून घ्या ना त्याला," मी म्हणाले.

"वढायचं न्हाई, ताई. वढलं की बिथरतं, मंग कोणाचंच राह्यत न्हाई," मावशीचा भाऊ म्हणाला.

दोघं नुसते उभे राहिले. कोकरू शेवटी कुठल्या बाजूला गेलं ते मला खरंच आठवत नाही. मला वाटलं, आता मावशी बोध करणार. तिनं शेंगा पुढं केल्या. लेक माझ्या मांडीवर बसली होती. मी सहज तिच्या केसांतून हात फिरवला आणि ती मेंढरांकडे बघत आपोआप बोलू लागली, "मला पप्पांकडे करमत नाही, मला मम्मीकडेच राहायचंय."

मावशीचा शेंगा सोलणारा हात थांबला. तिनं मला हळूच विचारलं, "हे पान कोणाला द्यायचं, पोरी?"

लाजेनं माझी मान वर होईना.

तारखेच्या दिवशी आम्ही दोघी आणि मावशी कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या होतो. लेकीचे वडील चार हातांवर होते. कित्येक महिने आम्ही एकमेकांशी अक्षरही बोललो नव्हतो. शिपायानं लेकीला आत बोलावलं. मी तिच्यापुढं खाली बसले. "वेणी घालताना मी शिकवलेलं विसरून जा. तुला वाटेल तेच सांग. मी रागावणार नाही."

ती घाबरली. माझ्याकडे न बघता वडिलांकडे बघायला लागली. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "बेटा, मी शिकिवलेलं बी इसरून जा."

लेकीनं सुस्कारा टाकला आणि आत गेली. आम्ही बाकड्यावर बसलो, मधे मावशी. माझ्या बाजूची म्हणून ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. आज तिनं पिशवीतल्या शेंगा आधी त्यांच्या हातावर ठेवल्या, मग माझ्या.

आत काय बोलणं झालं ते मी लेकीला आजवर विचारलेलं नाही. शाळेचे दिवस माझ्याकडे, सुट्ट्या हसनाबादला, असं ठरलं. तिची वेणी मात्र मी त्या दिवसापासून सैलच घालते. शाळेत पोचेपर्यंत सुटते, बाई ओरडतात, तरी सैलच घालते.