कुप्याचं कालवण

आमच्याकडे मासा म्हणजे खाडीतला जिताडा. सकाळी पेणच्या बाजारातून आणलेला जिताडा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की दुपारपर्यंत त्याला काही होत नाही, हे मला आईने शिकवलं होतं. मी भातशेतीवाल्यांच्या घरातली. खोल समुद्रातल्या माशांशी माझा संबंधच नव्हता. पण मे महिन्यातल्या त्या सकाळी पेणच्या बाजारात कोळणीच्या पाटीत लांब परांचा कुपा, म्हणजे टुना, दिसला आणि मी भाळले. डोळे चकचकीत, कल्ले लालबुंद. तुकडे करून देताना कोळीण म्हणाली, "सरळ घरी जा गो. बर्फातून काढला की ह्यो थांबत नाय. जिताडा नाय हा."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं! तुकडे ओल्या फडक्यात बांधले, स्कूटीच्या सीटखाली ठेवले आणि रोह्याला सासरी जाताना वाटेत गडबला माहेर लागतं म्हणून थांबले. चहा झाला, भावजयीची गाऱ्हाणी झाली, दोन तास कुठे गेले कळलं नाही. निघताना सीट उघडून पाहिलं तर फडकं कोमट लागलं. वास मात्र नव्हता. वास नाही म्हणजे मासा चांगला, असं म्हणून मी स्कूटी चालू केली.

घरी सासरे एकटेच होते. नवरा धाटावला कंपनीत, पहिल्या शिफ्टला. सासऱ्यांच्या छातीत स्टेंटच्या दोन स्प्रिंगा बसवलेल्या, फिरणं बंद, खाण्याची हौस तेवढी शिल्लक. खोबरं-लसणाचं वाटण लावून, आमसुलं टाकून मी कालवण केलं. मीठ बघायला रस्सा चाखला तर मिरी चावल्यासारखी जीभ चुरचुरली. मिरी मी घातलीच नव्हती. क्षणभर गॅसपाशी तशीच उभी राहिले. मग मिरची तिखट असेल म्हणून स्वतःची समजूत घातली आणि ताट वाढलं. आधी सासऱ्यांनी जेवायचं, मग मी, अशी आमच्या घरची रीत. त्यांनी आणखी एक तुकडा मागून घेतला.

अर्ध्या तासात त्यांचा चेहरा लाल झाला. मग मान, मग छाती. "ऊन लागलं वाटतं," म्हणत त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली. मग छातीवर हात ठेवला. "धडधडतंय गो."

मी रिक्षावाल्याला फोन केला. नवऱ्याचा मोबाईल कंपनीच्या गेटवर जमा. रिक्षा येईपर्यंत मी सासऱ्यांची नाडी धरून ठोके मोजत बसले, पण आकडा सारखा चुकत होता. मला भीती त्यांची वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, माझीही वाटत होती. ते गेले असते तर सुनेने मारलं असं गावाने म्हटलं असतं, आणि ते खरंच असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कार्डिओग्राम काढला. कुपा खाल्ल्याचं ऐकून विचारलं, "मासा बर्फाबाहेर किती वेळ होता?"

"तासभर."

त्यांनी सासऱ्यांच्या छातीवरची लाली बोटाने दाखवली. "चार तास तरी," मी म्हणाले.

"हा मासा गरमीत राहिला की आत विष तयार होतं. वास येत नाही आणि शिजवूनही ते जात नाही. जिभेला चुरचुरतं फक्त."

"चुरचुरलं ना," खाटेवरून सासरे म्हणाले. "पयल्याच घासाला."

"मग खाल्लंत कशाला?"

"पोर पेणपास्नं उन्हातान्हात घेऊन आली. ताटात टाकायचं कसं?"

संध्याकाळपर्यंत लाली उतरली. ते आता बरे आहेत. पण घरात कुठलाही मासा आला की मी आधी जेवते, तासभर थांबते आणि मगच त्यांना वाढते. का, म्हणून विचारलं तर भूक आवरत नाही म्हणते. त्या दिवशी माझीही जीभ चुरचुरली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.