दादाच्या बोटापुरतं लिनक्स

दादाचं आधी बोलणं गेलं, मग हातपाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कुरखेड्याहून माजरीला त्याच्या घरी पोचले, तेव्हा उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. श्वासाचे स्नायूही थकत चालले आहेत, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची आणि त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं होतं. एकदा नळी बसली की ती काढा असं म्हणायला सहसा कोणी धजत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

वहिनीचं ठरलं होतं: नळी बसवायची. नागपूरची बॅग भरून खाटेखाली ठेवली होती. ती विचारायची, "नागपूरले जाचं ना?" दादा डोळे मिटायचा. तिच्या मते तो होकार होता. मला तो वैताग वाटायचा. मिटलेले डोळे ज्याला जसे हवे तसे वाचता येतात. मला त्याचं स्वतःचं वाक्य हवं होतं, आणि बोट हलतंय तोवर हवं होतं.

मी आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकवते. एक लहानसा प्रोग्रॅम मी लिहून नेला होता: पडद्यावर एकेक अक्षर उजळत जातं, हवं ते उजळलं की बटण दाबायचं. दारावरच्या घंटीचं बटण माऊसला जोडून मी दादाच्या बोटाखाली ठेवलं. घरातला कॉम्प्युटर मात्र फार जुना. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स ही फुकट प्रणाली तयार मिळते तशी त्यावर चढवली, तर एक अक्षर उमटायला एवढा वेळ लागे की बोट थकून जाई. नागपूरच्या खर्चापुढे नव्या यंत्राची गोष्ट कोणी काढली नाही. म्हणून लिनक्स मुळापासून बांधायचं ठरवलं. लिनक्सचा आणि माझ्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर पेनड्राइव्हवर होता. कंपायलर त्याचं यंत्राला कळेल असं रूप करतो. लागेल तेवढंच घ्यायचं: पडदा, माऊस, देवनागरी अक्षरं आणि माझा प्रोग्रॅम. आयटीआयच्या जुन्या यंत्रांसाठी मी हे पूर्वी केलं होतं.

सुरुवातीची अडचण साधी निघाली. कंपायलर मध्येच बंद पडे, दर वेळी वेगळ्या जागी. मजकुरात चूक असेल तर ती त्याच ओळीवर येते. जागा बदलत असेल तर यंत्र तपासावं. झाकण उघडलं, तर आतल्या पंख्यावर कोळशाची भुकटी थापून बसली होती. माजरीच्या कोळसा खाणींमुळे खिडक्या लावल्या तरी ती घरात येते. जुन्या दाढीच्या ब्रशने झाडली. यंत्र तापायचं थांबलं, कंपायलरही टिकला.

पुढची अडचण मला कळेना. प्रोग्रॅमचे भाग वेगवेगळे तयार होतात आणि शेवटी जोडले जातात. जोडताना तक्रार आली: अक्षरांच्या भागाकडून एक काम हवं आहे, ते त्यात नाही. मी ते लिहिलं आणि पुन्हा चालवलं. तीच तक्रार. फाइल उघडली; मी लिहिलेलं तिथे होतं. परत चालवलं, परत तेच. वेगळ्या पद्धतीने लिहून पाहिलं, काही फरक पडला नाही. इकडे दादाचं बोट कधी बटण दाबे, कधी नुसतं त्यावर पडून राही. मी बटणाची स्प्रिंग सैल केली.

मधूनमधून यंत्र बंद पडलेलं सापडे. मी वीज गेली असेल असं धरून चालले होते. एका दुपारी ओल्या केसांनी न्हाणीतून बाहेर आले, तर वहिनी पिन उपटत होती.

"काऊन बंद केलं, वहिनी?"

"आभाळ गरजून राह्यलं, आयकू नाई येत का? माह्या काकाले धानाच्या बांधीत विजेनं नेलं. गरजलं का पिन काढाची."

"का दादानं बोलावच नाई, असं हाय तुमच्या मनात?"

"बाई, तोंड सांभाळा. मी त्यायचं तोंड बंद करून नाई राह्यली. तुमी चार अक्षरं लिवाले सुट्टी संपवली, न इथी त्यायचं हगणंमुतणं मी काढते."

ढग सरल्यावर यंत्र सुरू केलं आणि फायलींच्या तारखा बघितल्या. मी सकाळी लिहिलेल्या फाइलवर, दादा मोटरसायकलवर ड्यूटीला जायचा त्या काळातली तारीख होती. आतलं घड्याळ चालवणारा बटणाएवढा सेल मेला होता. पिन निघाली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जाई. कोणता भाग पुन्हा तयार करायचा, हे यंत्र फक्त वेळ बघून ठरवतं. माझी दुरुस्ती त्याला आधी तयार झालेल्या भागापेक्षा जुनी दिसत होती, म्हणून ते तिला हातच लावत नव्हतं. गरजलं की पिन काढणं आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात बघण्यासारखं काही असेल असं मला सुचलंच नाही. कुरखेड्यात मीही काढते.

भद्रावतीच्या घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला. तयार झालेले सगळे भाग पुसले आणि पहिल्यापासून बांधलं. वहिनीला म्हटलं, गरजलं तर खुशाल काढा. या वेळी सगळं नीट जोडलं गेलं.

दादाने पहिल्यांदा लिहिलं, "पंखा". वहिनीने पंखा वाढवला. मग तिनेच विचारलं, "नागपूरले जाचं ना?"

अक्षरं उजळत राहिली. बोट दोनदा चुकलं. मग पडद्यावर आलं: "नळी नको".

"आता नको का? मंग लावाची?"

"कधीच नाई".

वहिनी माझ्याकडे वळली. "हे तुमच्या मशिनीनं लिवलं."

मी दोन्ही हात वर करून पलंगापासून दूर झाले. दादाने पुन्हा दाबलं. बराच वेळ गेला. "मीच".

तिने बॅग ओढली आणि साड्या कपाटात परत लावल्या.

बोट लवकरच थांबलं. पावसाळ्यात, मी रजा टाकून तिथेच असताना, एका सकाळी दादाचा श्वास अडकायला लागला. शेजारचे गाडी बोलवायला निघाले, तर वहिनी दारात आडवी उभी राहिली. "नाई. त्यायनं सांगतलं हाय." माझ्या हातात फोन होता, नंबर लावलेला होता. तो मी बंद केला. दादाला गुदमरताना आम्ही दोघी बघत बसलो. ते शांत नव्हतं आणि लवकर संपलंही नाही. दुपारी अंत्यविधीसाठी बुद्धविहारातली माणसं आली.

सगळं आटोपल्यावर वहिनी म्हणाली, "तुमी मशीन नसती बनवली, तं आज ते जित्ते असते."

"हो," मी म्हणाले.