सलूनची एकुलती किल्ली

सलूनवाल्या काकांनी एका वर्षात दुकानाच्या तीन किल्ल्या हरवल्या. तेव्हापासून उरलेली एकुलती किल्ली शेजारच्या शिलाईवालीकडे असते आणि काका रोज सकाळी तिची बोलणी खाऊन आत शिरतात. तिला घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं. बाई म्हणून जगायला ती या गल्लीत आली, तेव्हा काकांनीच तिला गाळा मिळवून दिला. काका स्वतः समलिंगी. समलिंगी आणि ट्रान्स लोकांची त्यांची संघटना वीस वर्षं दर सोमवारी सलूनमध्ये बसते.

यंदा काकांचे जुने मित्र, संघटनेतलेच समलिंगी शाळामास्तर, वेगळा गट काढायला निघाले. दाढी करून घेता घेता ते म्हणाले, "आपले प्रश्न वेगळे, ट्रान्स लोकांचे वेगळे. भांडण नाही रे, नुसती वाटणी. नव्या गटाची पहिली बैठक इथेच घेऊ. फक्त तिला बोलावू नकोस."

चाळीस वर्षांच्या मित्राला नाही म्हणणं काकांच्या जिवावर आलं. वस्तरा पुसत ते म्हणाले,

"सलून तुझंच समज. पण किल्ली तिच्याकडे."

"मग मागून घे."

"ते मला जमायचं नाही. तूच माग, आणि कशाला हवी तेही सांग."

भिंतीपलीकडे शिलाईचं मशीन चालू होतं. मास्तरांनी एकदा तिकडे पाहिलं, तोंडावरचा साबण पुसला आणि निघून गेले.

काकांनी तिला सगळं सांगितलं. सोमवारी तिने शटर उघडलं, खुर्च्या मांडल्या. मास्तरांचीही मांडली.

"येतील," ती म्हणाली. "दाढी वाढली की जातील कुठे?"